वॉर्डचा आकडा आणि आमची गोराई (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, बोरिवलीतल्या आमच्या गोराई कॉलनीत किती दाट वस्ती आहे यावरच्या माझ्या मागच्या पोस्टवर कमेंट सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचे मुद्दे दोन. पहिला, 2011च्या जनगणनेत आर मध्य वॉर्डात (महापालिकेचा बोरिवलीचा वॉर्ड, गोराई त्यातच येते) साडेपाच लाखांच्या वर लोक आणि वॉर्ड साधारण 50 चौरस किलोमीटरचा, म्हणजे चौरस किलोमीटरला 11 हजारच्या आसपास, उपनगर जिल्ह्याची सरासरी 21 हजारच्या घरात, मग मी गोराईला दाट वस्ती म्हणून उगाच रडतोय. दुसरा, मराठी माणूस इथून कधीच विकून गेला, मी जुन्या आठवणींवर लिहितोय.

पहिल्या मुद्द्यात तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तुम्ही माणसं कशाने भागलीत ते बघा ना. या वॉर्डात पूर्वेला नॅशनल पार्कचं जंगल आहे, पश्चिमेला गोराईची खाडी, तिच्या दोन्ही अंगांची तिवरं, आणि खाडीपलीकडचं मूळ गोराई गाव, जिथे ईस्ट इंडियन (इथले मूळचे ख्रिस्ती) आणि कोळी कुटुंबं आहेत, शेतं आहेत, पॅगोडा आहे, समुद्रकिनारा आहे. त्या गावात जायचं तर जेट्टीवरून बोट, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून अख्खा वळसा, तरी वॉर्ड एकच! जंगलातल्या बिबट्यांची जागा आणि खाडीचं पाणी धरून सरासरी काढली की कुठलीही वस्ती विरळच दिसणार. माणसं खरी राहतात ती रेल्वेच्या दोन बाजूंच्या पट्ट्यात, आणि त्यातही खाडीच्या अलीकडची आमची म्हाडाची कॉलनी, गोराई 1 आणि 2, म्हणजे सगळ्यात खेटून बसलेली घरं.

ती खेटून का बसली हे मागच्या पोस्टमध्ये थोडक्यात उरकलं होतं, आता नीट सांगतो. 1985च्या सुमाराला जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत जी योजना आली, त्यात चारकोप, गोराई, मालवणी या जागा होत्या. सरकारने तयार बिल्डिंगा दिल्या नाहीत, रस्ता, पाणी, गटार टाकलेले प्लॉट दिले, छोटे प्लॉट 25-40 चौरस मीटरचे, घर ज्याचं त्याने बांधायचं. साधारण 35 कुटुंबांची एक सोसायटी आणि मध्ये सामायिक चौक. मोठे प्लॉट आणि दुकानांच्या जागा जास्त भावाने विकून गरिबांच्या प्लॉटची किंमत खाली ठेवली. मला ही योजना मनापासून आवडते, कारण हातात पैसा आला तसं लोकांनी घर वाढवलं, आधी पत्रा, मग स्लॅब, मग वर माळा, मुलाचं लग्न झालं की अजून एक खोली, खाली शिलाई मशीन नाहीतर क्लासेस. म्हणजे प्लॉट तेवढाच राहिला आणि त्यावरची माणसं वाढत गेली, आणि वॉर्डच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आता मराठी टक्का. कोणी विकून विरारला गेलं हे मला मान्य आहे, आमच्याच चौकातले लोक गेलेत. पण "कधीच गेला, कोणी उरला नाही" हे तुम्ही कुठल्या आकड्यावर म्हणता? जनगणनेत मातृभाषेचे आकडे कॉलनीनिहाय मिळत नाहीत, आणि 2021ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. जिल्ह्याचे आकडे आहेत ते असे की 2001 ते 2011मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली आणि उपनगर 86.40 वरून 93.57 लाखांवर गेलं. शहरातली माणसं कमी होतायत आणि उपनगर भरतंय, त्यात लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून इकडे आलेली कितीतरी कुटुंबं आहेत, ती आजही इथेच आहेत, शेजारी गुजराती, उत्तर भारतीय, दक्षिणेकडचे सगळे आहेत आणि चौकातला गणपती सगळ्यांचा असतो. मिश्र वस्ती झाली असं म्हणा, मी लगेच हो म्हणेन, "संपली" म्हणू नका, इथे राहणाऱ्याला ते लागतं हो.

आणि हा वाद नुसता अभिमानाचा नाहीये. वस्ती कागदावर विरळ दिसली की जास्त पाणी, जास्त बस, दवाखाना मागायला गेल्यावर ऐकवायला आयता आकडा मिळतो. म्हणून विनंती एवढीच की वॉर्डच्या नकाशावर जंगल, खाडी, तिवरं आणि पलीकडचं गाव वगळा, उरलेल्या जागेने तीच माणसं परत भागा, आणि येईल तो आकडा इथेच कमेंटमध्ये टाका, मग पुढे बोलू.