नदीकाठचं गाव साधं नव्हतं, हिशेबी होतं

सध्या एक फोटो सगळीकडे फिरतोय. नदीकाठ, कौलारू घर, चूल, आणि खाली 'गावाकडचं साधं जीवन'. फोटो छान आहे. तक्रार आहे ती 'साधं' या शब्दाबद्दल.

साधं जगणं शहरातलं. तोटी फिरवली, पाणी आलं. धरण कुठलं, आवर्तन, म्हणजे पाळीने सोडलेलं धरणाचं पाणी, कधी सुटलं, मोरीतून गेलेलं पाणी पुढे कुठे गेलं, यातलं काहीही माहीत नसताना माणूस उभा जन्म काढू शकतो. नदीकाठच्या गावाला ही चैन नव्हती. तिथे कोणी किती पाणी घ्यायचं, कोणी आधी, कोणी नंतर, यंदा ऊस लावायचा की नाही, हे सगळं ठरवून, भांडून, लक्षात ठेवून करावं लागे. घरात वस्तू कमी होत्या म्हणून जगणंही सोपं असेल, असं आपण धरून चालतो.

नदीचं पाणी शेतांना वाटून द्यायची खानदेशातली फड पद्धत बघा. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती कित्येक पिढ्या चालली. नदीला आडवा दगडी बंधारा. त्याचं काम पाणी साठवणं नव्हे, पातळी थोडी उचलून पाणी काठाच्या कालव्यात वळवणं. कालव्यातून चाऱ्या म्हणजे छोटे पाट, चाऱ्यांतून सारंगांनी, म्हणजे आणखी लहान पाटांनी, शेतात. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला वाटेत सांडम ठेवलेले, नाहीतर एका पुरात कालवाच फुटायचा. सगळा मामला उताराचा. इंजिन नाही, मोटार नाही.

पण खरी करामत बांधकामात नाही, वाटपात आहे. भिजणारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात त्या वर्षी एकच प्रकारचं पीक: एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी धान्य, पाणी कमी दिसलं तर एखादा फड सरळ कोरडा. पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे ऊस कोणा एकाचा राहत नसे आणि कोरडा फडही कोणा एकाच्या नशिबी येत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर आणि पाण्यावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि सगळ्यांवर पंच. शेतकऱ्याने स्वतः जाऊन बारं फोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवायचं, नाही. माझ्या मते या पद्धतीचा कणा हाच. ज्याचं पीक वाळतंय त्याच्याच हातात फावडं दिलं की नियम कितीही चांगला असो, रात्री मोडतो.

याला रामराज्य म्हणू नका. ज्याची जमीन फडात नाही त्याला या पाण्यातून काही मिळत नव्हतं. पंच कोण होणार हे जमीन आणि जात ठरवत होती. आणि घरात पिण्याचं पाणी नदीवरून डोक्यावर आणणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच पंचाच्या हिशेबात नव्हतं. नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली. चूल गेली तीही. ज्यांना याची हळहळ वाटते त्यांनी आठ दिवस दोन हंडे वाहून बघावेत.

बिघडलं ते दुसरीकडे. विजेची मोटार आली आणि पाण्याचा क्रम गेला. पूर्वी पाणी एकामागून एक जात होतं, आता वीज सगळ्यांना एकाच वेळी येते. वर 'ऑटो' बसवलेला, म्हणजे लाईट आली की काठावरच्या पन्नास मोटारी एका सेकंदात सुरू. दाब पडतो, मोटारी जळतात, डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर जातो आणि शिव्या वायरमनला. पाळी ठरवून निम्म्या मोटारी आधी आणि निम्म्या नंतर चालवल्या तर तीच डीपी तग धरते. पण पाळी ठरवायची कोणी? पंच तर राहिले नाहीत.

आता थोडं गणित. समजा, एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, म्हणजे खांबांमधे फळ्या घालून नदीतच पाणी अडवणारा. बंधाऱ्याजवळ पाण्याची खोली 4 मीटर, फुगवटा, म्हणजे अडलेलं पाणी, मागे 2 किलोमीटर, पात्राची रुंदी 50 मीटर. फुगवटा पाचरीसारखा असतो, मागे जाताना खोली शून्यावर येते, म्हणून सरासरी 2 मीटर धरा. झालं 2 लाख घनमीटर, म्हणजे 20 कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं.

5 एचपीची मोटार 20 मीटर उचल असेल तर सेकंदाला साधारण 9 लिटर देते. पन्नास मोटारी, आठ तास वीज: दिवसाला सुमारे 1 कोटी 30 लाख लिटर. वरून येणारी धार थांबली असेल तर पंधरा दिवसांत तळ दिसतो. शिवाय उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी रोज 8 लाख लिटर आभाळात जातात. त्याला पाळी लावता येत नाही.

हेच पाणी पिकात मोजा. पाटाने भिजवलेल्या उसाला एकरी वर्षाला ढोबळमानाने 1 कोटी लिटर लागतं. म्हणजे हा भरलेला बंधारा 20 एकर उसाचा. हरभऱ्याला 6 सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी सुमारे 5 लाख लिटर. वाहून-मुरून पाव भाग गेला असं धरलं तरी 300 एकर हरभरा होतो. वीस की तीनशे, एवढाच तो प्रश्न आहे. फडाचे पंच दरवर्षी आधी पीक ठरवत आणि मग पाणी सोडत, ते याचसाठी. आपण उलटं करतो. ऊस लावून मोकळे होतो आणि मार्चमध्ये 'पाणी सोडा' म्हणून मोर्चा काढतो. ठिबक केलं तर उसाचं पाणी बरंच वाचतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर नदीला काय मिळालं?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात चुका सर्वांत जास्त होतात आणि त्या टाळायला कुठल्याही नव्या योजनेची गरज नसते. पंचगंगेच्या खोऱ्यात याची मूळ कल्पना अशी: राधानगरीसारख्या धरणातून पाणी नदीतच सोडायचं, ओळीने बंधारे घालून ते अडवायचं आणि काठावरून उपसायचं. बंधारा म्हणजे पात्रात उभे खांब, मधे गाळे, खांबांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवायचे बरगे. कुठे यांना ढापे म्हणतात, कुठे फळ्या, कुठे निडल. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे चिकणमाती ठासायचे. आता लोखंडी, रबर लावलेले, साधारण 2 मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. 4 मीटर उंचीसाठी एका गाळ्यात आठ, आणि वीस गाळे असले तर 160 बरगे.

या 160 पैकी चार गेले तर काय बिघडतं, असं लोकांना वाटतं. बंधाऱ्याची पातळी सर्वांत कमी भरलेला गाळा ठरवतो. एकाच गाळ्यात वरचे दोन बरगे कमी पडले की वरून येणारी धार आटताच अख्ख्या बंधाऱ्यातलं पाणी एक मीटरने खाली येतं. आणि वरचा एक मीटर म्हणजे साठ्याचा चौथा हिस्सा नव्हे. पाचर आठवा: खोली 4 वरून 3 झाली की लांबीही घटते आणि साठा जवळजवळ 44 टक्क्यांनी कमी होतो. दोन बरगे भंगारात गेले आणि निम्म्याच्या आसपास पाणी गेलं.

रबराचंही तसंच. दोन बरग्यांच्या सांध्यात 5 मिलिमीटरची फट राहिली आणि तिच्यावर 2 मीटर पाणी असलं, तर त्या एका फटीतून सेकंदाला पस्तीस-चाळीस लिटर निघून जातात. चार मोटारी चोवीस तास चालू ठेवल्यासारखं. हजार-दोन हजारांची रबरपट्टी वाचवताना आपण काय घालवतो, ते लक्षात येत नाही, कारण ते पाणी खालच्या बाजूला शांतपणे वाहत असतं.

बरगे घालायचा नेहमीचा मुहूर्त ऑक्टोबरचा मध्य. लवकर घातले आणि परतीच्या पावसाने पूर आणला तर पाणी बंधाऱ्यावरून नाही, कडेने जातं. पंखभिंतीच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या टोकाला काठात घुसवलेल्या भिंतीच्या, मागची माती कापून नदी नवा रस्ता काढते आणि काठावरच्या माणसाचं अर्धा एकर शेत एका रात्रीत पात्रात जातं. उशिरा घातले तर अडवायला धारच उरलेली नसते. मधला मार्ग असा: खालचे बरगे वेळेवर घालायचे, वरचे दोन थर हवामान बघून. आधी खाचा तारेच्या ब्रशने साफ करायच्या, तळाच्या उंबऱ्यावरचे दगड-गाळ काढायचे, कारण तळाचा बरगा एका बाजूने बोटभर उचललेला राहिला तर वरचे सातही तिरके बसतात. कडेचे गाळे आधी बंद करायचे, मधले शेवटी, म्हणजे वाहतं पाणी पात्राच्या मधूनच जातं.

काढताना उलट. मेअखेरपर्यंत सगळे बाहेर. 'अजून थोडं पाणी आहे, राहू दे' म्हणून थांबलं की वळवाचा एखादा लोंढा येतो, बरगे पाण्याच्या दाबाने खाचेत घट्ट बसतात आणि साखळीला चार माणसं लटकली तरी हलत नाहीत. मग पावसाळाभर ते तिथेच, मागे गाळ भरत.

नदीच्या पोटातल्या वाळूचा विषय दोन ओळींत संपवतो, कारण त्यावर बोललं की पोस्टखाली वेगळंच सुरू होतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. ओल्या वाळूतून निथळून मिळणारं पाणी तिच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त धरा. म्हणजे प्रत्येक ब्रासमागे सहाशे लिटरची टाकी आपण ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवतो, तीही ऊन न लागणारी. काठच्या विहिरी का आटल्या हे विचारायला मग भूगर्भतज्ज्ञ कशाला हवा?

आता शहराकडे, कारण नदी तिथूनही जाते. शहराला माणशी दिवसाला 135 लिटर हा निकष, जलजीवन मिशनमध्ये गावाला 55. वापरलेल्या पाण्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं. शहरातलं चौघांचं कुटुंब रोज सव्वाचारशे-साडेचारशे लिटर मळकं पाणी बाहेर टाकतं. गावातही आता नळ आले, सिमेंटची गटारं आली, आणि हजार वस्तीचं रोजचं चव्वेचाळीस हजार लिटर सरळ ओढ्यात जायला लागलं. आधुनिक म्हणून आपण गटार घेतलं, शुद्धीकरण मात्र पुढच्या गावावर सोडलं.

घरामागे जागा असेल तर शोषखड्डा अजूनही सर्वांत स्वस्त. चार फूट लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, मधे वरच्या भागात भोकं पाडलेली टाकी, तिच्या तोंडाशी पाणी येण्याआधी एक लहान चेंबर. हे चेंबर न केल्यानेच बहुतेक खड्डे वर्षभरात तुंबतात: भाताची शितं, तेल, साबणाचा मेण थेट दगडांत जाऊन बसतो. चेंबरातला गाळ आठवड्याला काढायचा. पिण्याच्या विहिरीपासून निदान 50 फूट लांब. आणि काळ्या चिकण जमिनीत हा खड्डा पाणी पीत नाही, तिथे परसबाग किंवा केळी हाच मार्ग. सरकारी आकडा पूर्ण करायला काळ्या मातीतही खड्डे खणले जातात, आणि मग 'योजनाच फसवी' असा निकाल लागतो.

जुन्या माणसांनी वस्तीला पांढरी आणि शेताला काळी म्हटलं. पांढरी सहसा उंचवट्यावर, काळी नदीकडे. पूर आला तर काळीत येऊन जायचा. आता आपल्याकडे निळी रेषा आहे, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर दोन्ही नीट काढलेल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. तरी प्लॉट पडतात ते काळीतच.

सांगायचं एवढंच होतं की, गावाकडे परत जाऊन साधं जगायचं मनात असेल तर आधी बंधाऱ्यावर जा. खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे का ते बघा. नसेल तर एक डबा ऑइलपेंट पुरतो. दर सोमवारी पातळी वहीत लिहिली की किती आठवड्यांचं पाणी उरलं हे जानेवारीतच कळतं आणि उन्हाळी पीक घ्यायचं की नाही हे बोलता येतं. मोटारी मोजा, एचपीसकट. मेमध्ये बरगे निघाले की प्रत्येकावर नंबर टाका, रबर दबणार नाही असे उभे करून ठेवा आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते फलकावर लिहा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजा. 160 निघाले पाहिजेत.