लॉजवाल्यांना पूर्ण आधार कशाला?
ऑनलाइन खासगीपणा कसा जपावा यावरच्या तुमच्या लेखात कुकीज (संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या नोंदी) आणि पासवर्डबद्दल चांगलं लिहिलंय, पण प्रवासातली माहितीची मोठी गळती राहून गेली. ऑनलाइन खोली बुक केली की लॉजवाले ‘आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणतात आणि आपण अगदी लहान मुलांचेही पाठवून मोकळे होतो. तो फोटो पुढे कुणाकुणाच्या फोनमध्ये राहतो? आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आधार डाउनलोड करताना ‘मास्क्ड’ पर्याय निवडा. पहिले ८ अंक झाकले जातात, शेवटचे ४ दिसतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, मग काउंटरवर ही मास्क्ड प्रत पुढे करताना संकोच कसला? आईवडिलांच्या फोनमध्येही ती आजच ठेवून द्या, भक्तनिवासाच्या बुकिंगला त्यांनाही लागते.