मनाचा आजार, इच्छामरण आणि एक बेजबाबदार मजकूर

‘नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या रुग्णाला मागताक्षणी मरण मिळते, मनाचा आजार कधीच बरा होत नसल्याने तीच खरी दया, सर्व धर्मांनीही प्रायोपवेशन, सल्लेखना अशा अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याच्या रूपांत ती मान्य केली आहे,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. गेली सहा वर्षे नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माझ्या आतेबहिणीला तो एका नातलगाने पाठवला. तिने फोन करून मला एवढेच विचारले, ‘मग मी गोळ्या कशासाठी घेते आहे?’

‘मागताक्षणी’ हा शब्द निखालस खोटा आहे. तिथे २००२ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार यातना असह्य असाव्या लागतात, सुधारणेची आशा आणि दुसरा वाजवी मार्ग उरलेला नसावा लागतो, आणि आजार मानसिक असेल तर स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञाचेही मत घेतले जाते. २०२३ मध्ये नोंदलेल्या ९,०६८ प्रकरणांपैकी मानसिक आजाराची १३८ होती. तो कायदा मानसिक यातनांना वगळत नाही, एवढे मात्र मला मान्य करावे लागेल.

सर्वांत घातक आहे ते ‘कधीच बरा होत नाही’ हे विधान. एका औषधाने गुण आला नाही म्हणून आजार असाध्य ठरत नाही. औषध बदलावे लागते, मात्रा जुळवावी लागते, जोडीला समुपदेशन लागते, आणि यात महिने, कधी वर्षेही जातात. शिवाय जगणे नकोसे वाटणे हे नैराश्याचे लक्षणच असल्यामुळे, ती इच्छा रुग्णाची की आजाराची, हे ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. मग मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी ते कशाच्या आधारावर ठरवले?

सल्लेखना या जैन व्रताचा दाखला वाचून तर संताप आला. ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत आणि त्यांत ‘मरणाशंसा’, म्हणजेच मरणाची इच्छा, स्पष्टपणे मोजली आहे. ज्या व्रतात मरणाची ओढ हाच दोष आहे, ते व्रत ती ओढ लावणाऱ्या आजाराच्या रुग्णापुढे आदर्श म्हणून ठेवणे हा शास्त्राचा विपर्यास आहे. प्रायोपवेशनातही दुसऱ्याने मरण द्यायचे नसते.

‘सर्व धर्म’ म्हणावे तर बेल्जियममधील एका कॅथलिक संस्थेने २०१७ मध्ये आपल्या मनोरुग्णालयांत इच्छामरणाला वाव दिला, तेव्हा व्हॅटिकनने २०२० मध्ये त्या रुग्णालयांना कॅथलिक मानण्यास नकार दिला.

बहिणीने त्या रात्रीची गोळी घेतलेली नव्हती. फोन चालू ठेवून मी तिला ती घ्यायला लावली, आणि पुढच्या भेटीत हा मजकूर डॉक्टरांना दाखवायचे आमचे ठरले आहे.