चुंबकत्व आणि अतिसंवाहकता: फिरणाऱ्या मजकुराबद्दल खुलासा

‘अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणून लोहचुंबकी अतिसंवाहक असूच शकत नाही,’ असा मजकूर फिरतोय. अतिसंवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर वीज अजिबात विरोध न होता वाहू देणारा पदार्थ, आणि लोहचुंबकी म्हणजे लोखंडासारखं स्वतःचं चुंबकत्व असलेला. मजकुराचा पहिला भाग ढोबळमानाने बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

या समजाला आधार आहे, हे मान्य करायला हवं. एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉनचं एक संयुग ८.७ केल्विनला (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान) अतिसंवाहक होतं, पण १ केल्विनच्या जरा खाली लोहचुंबकत्व आलं की ती अवस्था मोडते.

आता युरोपियम-लोह-आर्सेनिकचं संयुग घ्या, थोड्या आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घातलेलं. रचना चपात्यांच्या चवडीसारखी. लोह-आर्सेनिकच्या थरांत साधारण २५ केल्विनला इलेक्ट्रॉनच्या जोड्या विनारोध वाहू लागतात, म्हणजेच अतिसंवाहकता येते. मधल्या युरोपियमच्या थरांत २० केल्विनच्या आसपास लोहचुंबकत्व येतं, तरी जोड्या टिकतात! कारण युरोपियमचं चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांमुळे आहे, ते अणूच्या आत घट्ट बसलेले असतात. शेजारच्या थरातल्या जोड्यांशी त्यांचा संबंध फार क्षीण. आणि चुंबकीय क्षेत्र? ते पूर्ण बाहेर जातच नाही. बारीक भोवऱ्यांच्या रूपात, म्हणजे भोवती वीजप्रवाह फिरत असलेल्या क्षेत्राच्या बारीक नळ्यांच्या रूपात, ते आतच राहतं, बाहेरून चुंबक न लावताही. हे भोवरे सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष टिपलेले आहेत.

तेव्हा ‘असूच शकत नाही’ हे शब्द कृपया पुढे पाठवू नका.