एट-हंड्रेडमधला आठ इंची वूफर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काल रात्री दोनदा वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचली. माझ्या १९९८ सालच्या मारुती एट-हंड्रेडमध्ये मी स्वतः बसवलेल्या छोट्या साउंड सिस्टिमविषयीच्या लेखाखाली ती आहे. त्या सिस्टिममध्ये आठ इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर (बेस) वाजवणारा स्पीकर, आहे. तुमचे म्हणणे थोडक्यात असे, की एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डिकीत बारा इंची बेस ट्यूब (नळकांड्यासारख्या पेटीतला तयार वूफर) टाकली असती तर निम्म्या पैशांत दुप्पट आवाज मिळाला असता. जुना अल्टरनेटर (गाडीत वीज तयार करणारे यंत्र) हा भार पेलणार नाही. लेखातला फ्यूजचा आकडा चुकला आहे. आणि शेवटी हे वाक्य : “आठ इंची वूफरमधून खरा बेस येतो असे लिहिणे म्हणजे, ज्याने आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही अशा माणसाने केलेली वाचकांची दिशाभूल आहे.”

जे चुकले ते आधी मान्य करतो. बॅटरीजवळच्या फ्यूजचा आकडा लेखात ६० अँपिअर असा पडला आहे. तो ४० हवा. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो, मी वापरलेली तांब्याची तार आठ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिला ४० पुरेसा आहे. माझ्या गाडीतही ४०चाच बसवलेला आहे. ही टंकताना झालेली चूक आहे, ती मी दुरुस्त केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल तुमचे आभार मानतो.

मात्र एक आकडा चुकला म्हणून लिहिणाऱ्याच्या आयुष्याविषयी विधान करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. “तुमचे मोजमाप मला पटत नाही” असे तुम्ही लिहिले असते तर मी मोजमापे घेऊन बसलो असतो. “दिशाभूल” हा शब्द वापरताना समोरच्याच्या हेतूवर आपण बोट ठेवतो आहोत, याचे भान तुम्ही ठेवायला हवे होते. या अनुदिनीवर मी एकाही दुकानाची जाहिरात घेतलेली नाही आणि एकही वस्तू फुकट स्वीकारलेली नाही. वाचकांची दिशाभूल करून मला काय मिळणार होते, हे तुम्हीच सांगा.

आता पान्याविषयी. माझ्या वडिलांचे मिरजेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. दहाव्या वर्षापासून शाळा सुटल्यावर मी तिथे बसत असे. रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ काढणे, व्हॉल्व्ह गार झाले की कापडात धरून उपसणे आणि त्यांच्या पिना घासून स्वच्छ करणे ही माझी कामे होती. डाग कसा द्यावा, म्हणजे कथलाने तारा कशा जोडाव्यात, हे वडिलांनी मला शिकवले : तापवायचा तो सांधा, कथील नव्हे; सांधा तापला की कथील आपोआप त्यात ओढले जाते आणि गार झाल्यावर चकाकते; ते मळकट, दाणेदार दिसले तर डाग कच्चा समजून पुन्हा द्यायचा. एट-हंड्रेडमधला प्रत्येक सांधा मी याच कसोटीवर तपासला आहे.

दुसरी गोष्ट १९९६ सालची आहे. माझ्या मामांच्या फियाटमध्ये एका दुकानदाराने अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) बसवून दिला होता. बॅटरीपासून निघालेली तार इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून थेट आत घेतलेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे तारेला धारेपासून वाचवणारे कडे, नव्हते आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. सांगलीहून कोल्हापूरला जाताना अंकलीच्या पुलाच्या अलीकडे डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पाठोपाठ धूर आला. पत्र्याच्या धारेवर घासून घासून तारेचे वेष्टण फाटले होते आणि बॅटरीचा सगळा करंट बॉडीत उतरत होता. बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने टर्मिनल सैल केले, ते मी. टर्मिनल एवढे तापले होते, की ते उपसताना उजव्या तळहातावर अंगठ्याखाली जे भाजले त्याचा पांढरट डाग आजही आहे. तेव्हापासून मी कोणत्याही गाडीत बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घातल्याशिवाय आणि पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट लावल्याशिवाय पुढचे काम करत नाही. हा सगळा भाग मूळ लेखात मी दोन वाक्यांत संपवला होता, कारण तो लेख माझ्याविषयी नव्हता. तुमच्यामुळे तो आज इथे लिहावा लागला.

याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठ इंची वूफरचा. तुम्ही आणि मी ‘बेस’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत आहोत, अशी माझी समजूत आहे. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची गल्ली होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे तिथे दोरीला टांगलेले असत आणि कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवत, तार छेडत, पुन्हा कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढत बसलेले असत. खर्जाची, म्हणजे तंबोऱ्याची सर्वांत खालच्या स्वराची, तार कशी ऐकू यायला हवी हे मी तिथे शिकलो. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला तंबोऱ्याच्या मधल्या दोन, जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर लागतात आणि खर्ज त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लागतो. माझ्या गाडीत मला एवढाच खर्ज शाबूत हवा होता, आणि डग्ग्यावरची घिस्सा देताना (तळहात घासत दाबताना) चढत जाणारी मींड एका जागी न अडकता सलग ऐकू यायला हवी होती. शेजारच्या गाडीची काच थरथरावी ही माझी इच्छा नव्हती, आणि लेखात मी ते पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते.

लहान गाडीत आठ इंची वूफरला हे का जमते, याचे कारण गाडीच्या लहानपणातच आहे. बंद केबिनमध्ये ज्या वारंवारतेची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीएवढी असते, तिच्याखाली हवा लाटेसारखी न वागता एका बंद डब्यातल्या हवेसारखी दाबली आणि सैल सोडली जाते, आणि त्यामुळे खालचे स्वर उचलले जातात. एट-हंड्रेडची केबिन डिकीसकट सव्वादोन ते अडीच मीटर धरा आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा; ही मर्यादा ७० ते ७५ हर्ट्झच्या आसपास येते. पूर्ण बंद पेटीतला वूफर आपल्या अनुनादाखाली (ज्या वारंवारतेला तो आपोआप सर्वाधिक थरथरतो तिच्याखाली) दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो आणि केबिन जवळपास त्याच चढाने त्याला उचलून धरते. पत्रा, काचा आणि दारांची रबरे गळकी असल्यामुळे प्रत्यक्षात ती तेवढे उचलत नाही, तरी फरक स्पष्ट ऐकू येतो. म्हणून मी वॉटरप्रूफ प्लायची चौदा लिटरची बंद पेटी केली, तिचा प्रत्येक सांधा आतून सिलिकॉनने भरला आणि ती डिकीच्या एका कोपऱ्यात बसवली. तुम्ही सुचवलेली बेस ट्यूब बहुधा पोर्टची, म्हणजे हवा बाहेर सोडणारी नळी असलेली, असते. पोर्ट ज्या स्वराला लावलेला असतो तिथे ती जोरात बोलते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात केबिननेही हात दिला की प्रत्येक गाण्यात एकच स्वर घुमत राहतो. डग्ग्याची मींड त्यात बुडून जाते.

“दुप्पट आवाज” हा शब्दप्रयोगही तपासून घ्यायला हवा. अँपची ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. डेकवर (गाडीतल्या म्युझिक प्लेअरवर) ५० गुणिले ४, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट, असे छापलेले असते, पण १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला कोणताही साधा डेक २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज देऊच शकत नाही. हे साधे गणित आहे आणि ते कोणालाही कागदावर करून पाहता येईल.

माझा निम्म्याहून अधिक वेळ वूफरमध्ये गेलाच नाही, तो पुढच्या दोन दारांमध्ये गेला. दाराचे पॅड काढले की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि त्यांच्यावर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरच्या मागच्या बाजूचा उलटा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढचा आवाज खातो. ती भोके ॲल्युमिनियमचा पत्रा आणि ब्युटिलची (चिकट रबराची) शीट लावून बंद केली, पाणी वाहून जायची खालची छिद्रे तेवढी मोकळी ठेवली, तेव्हा त्याच सव्वापाच इंची स्पीकरमधून पखवाज ओळखू येऊ लागला. पावसाचे पाणी दारात उतरते आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) फुगते, म्हणून स्पीकरखालच्या रिंगाही प्लायच्या करून रंगवल्या. चालकाच्या जागेपासून उजवा स्पीकर डाव्यापेक्षा सुमारे चाळीस सेंटिमीटर जवळ आहे, म्हणून प्रोसेसरमध्ये (आवाजाची जुळणी करणाऱ्या यंत्रात) उजव्याला १.२ मिलिसेकंद मागे ठेवले, तेव्हा गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध आला. या दारांविषयी, जिथे खरे काम आहे, तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षरही नाही. लेख शेवटपर्यंत वाचला होता का, असा प्रश्न मला त्यामुळे विचारावासा वाटतो.

अल्टरनेटरचे म्हणाल तर क्लास डी (कमी वीज खाणारा) अँप आणि नेहमीचा आवाज असताना क्लॅम्प मीटरवरचा (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवरचा) काटा माझ्या गाडीत सहा अँपिअरच्या पुढे गेलेला नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही. गाडीच्या वयाचे म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते, ते मी वेळच्या वेळी केलेले आहे. आणि माझ्या पैशांचे काय करावे हा विषय तुमच्या माझ्या चर्चेचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीत काय बसवले आहे, पेटी किती लिटरची आहे, तार किती जाडीची आहे आणि दारांना काय केले आहे, हे तुम्ही पुढच्या वेळी लिहा. मी ते नीट वाचून उत्तर देईन. तुमचा पाना कोणत्या नंबरचा, हे मी विचारणार नाही.