दहावी राहणार असं दिसतंय? मग आत्ताच बोला

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर घरी येतात आणि गणिताचे मार्क बघून आईबापाला कळून चुकतं, की हे पोर मार्चमध्ये सगळे विषय काही काढत नाही. पण बोलत कुणीच नाही. मोबाइल काढून घेतात, क्रॅश कोर्स लावतात, देवाला नवस बोलतात आणि निकालाच्या दिवशी मात्र आभाळ कोसळल्यासारखं वागतात.

माझ्या मते हे बोलणं जानेवारीतच व्हावं, मुलाला समोर बसवून. "एखाद-दोन विषय राहिले तर पुढे काय करायचं?" एवढं विचारा. धाक गेला की पोरं पुस्तक उघडत नाहीत, असं आमच्याकडचे बुजुर्ग म्हणतात. मला ते पटत नाही. ताईने माझ्या भाच्याला असं विचारलं, तर तो पहिलं वाक्य बोलला, "म्हणजे मला शाळेतून काढून गॅरेजवर नाही ना बसवणार?" पोरगं महिनोन् महिने ही भीती पोटात घेऊन वावरत होतं. त्यात प्रमेय कुठून डोक्यात शिरणार? ती भीती गेल्यावर बाकीचे विषय त्याने बऱ्यापैकी केले. गणित राहिलंच. जुलैच्या पुरवणी परीक्षेतही राहिलं.

तरी अकरावीला बसला, कारण एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर काढायच्या सवलतीवर, प्रवेश मिळतो. पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, राहिलेले तेवढे सोडवायचे. पुरवणी परीक्षा आता जून-जुलैतच होते. आमच्या वेळी ऑक्टोबरपर्यंत तोंड लपवत फिरावं लागे. दोन-चार मार्कांनी गेलं असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. त्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही आणि त्याची मुदत थोडी असते. रडारडीत ती संपते. शाळाच सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म आहे. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, तिथे मराठी माध्यमही आहे आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत विषय सवडीने काढता येतात.

पण त्याहून महत्त्वाचं, मूल का अडतंय ते बघा. तोंडी सगळं सांगतो, लिहायला बसला की अक्षरं उलटसुलट, आकडे उतरवतानाच चुकतात, अशा मुलांना वर्षानुवर्षं 'आळशी' म्हणून शिव्या बसतात. अध्ययन अक्षमतेचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये ही तपासणी होते. मात्र तिला वेळ लागतो, तेव्हा आठवी-नववीतच नंबर लावा. शाळेने स्वतःहून सांगायला हवं. बहुतेक शाळा सांगत नाहीत. त्यांना शंभर टक्के निकालाचा बॅनर लावायचा असतो.

नातेवाइकांनो, निकालाच्या दुपारी "किती पडले?" असा फोन करू नका. चांगले पडले असतील तर पेढे येतीलच. मूल जेवेनासं झालं, गप्प गप्प राहायला लागलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि 'नापास? घरबसल्या हमखास पास!' अशा पाट्या लावणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. 17 नंबरचा फॉर्म बोर्डाच्या वेबसाइटवर स्वतः भरा आणि पावती जपून ठेवा.