कळा आणायच्या तर तिला सांगून आणा

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत डोहाळजेवण अजून दणक्यात होतं. सुदामानगर असो नाहीतर लोकमान्यनगर, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, वाटीखाली पेढा की बर्फी, आणि आता त्यात फोटोग्राफरची भर. जमलेल्या बायकांत कितीतरी जणींना सलाईन लावून कळा आणलेल्या असतात. पण ओटी भरताना त्यातली एकही त्या पोरीला बाजूला घेऊन सांगत नाही, की बाई गं, तारीख उलटली आणि कळा आल्या नाहीत तर तुला ॲडमिट करतील, मग असं असं करतील, आणि त्याला वेळ लागतो. "सगळं छान होणार बघ" म्हणतात आणि बासुंदीच्या वाटीकडे वळतात.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते डॉक्टर, सासू, आई, नवरा सगळ्यांनाच उद्देशून आहे. औषध देऊन कळा आणायला माझा विरोध नाही. माझ्या दोन्ही मुली तशाच झाल्यात आणि दोघी ठणठणीत आहेत. बाईला अंधारात ठेवून, तिच्या पलंगाशेजारी उभं राहून तिच्याशी सोडून बाकी सगळ्यांशी बोलून कळा आणण्याला माझा कडक विरोध आहे.

आधी त्या तारखेचं बघू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवायचे, की आली तारीख. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं अगदी थोडी, शंभरात चार-पाच. ३७ ते ४२ आठवडे हा सगळाच काळ बाळंतपणाचा. पण आपल्याकडे ती तारीख विजेच्या बिलासारखी धरतात, उलटली की दंड. फोन सुरू होतात. "अजून नाही का?" पुण्याची आत्या, देवासचे काका, समोरच्या गुप्ता आंटी. त्यात कुणाच्या मामाचं रिझर्वेशन असतं, कुणाला पंचांगातला दिवस साधायचा असतो. अनंत चतुर्दशीला झांक्यांमुळे, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात म्हणून दोन दिवस आधीच कळा आणा, असा आग्रह धरणारे सासरे मी स्वतः ऐकलेत. (इंदूरकरांना हे विनोदी वाटणार नाही, मला माहीत आहे.) मुहूर्त साधायला कळा आणणं तर निव्वळ वेडेपणा. औषध कधी द्यायचं ते तुमच्या हातात, बाळ कधी येणार ते नाही. सोमवारी सकाळी सुरू केलेलं बुधवारी पहाटे संपू शकतं.

खरी कारणं वेगळी आहेत. ४१ आठवडे पुरे होऊन गेले, बीपी वाढलं, शुगर आहे, पाणी गेलं पण कळा नाहीत, बाळाची वाढ मंदावली. ४१ आठवडे नक्की उलटले असतील तर कळा आणाव्यात असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. कारण त्यानंतर बाळ पोटातच जाण्याचा धोका थोडा थोडा वाढत जातो. धोका एकंदरीत लहानच, पण वाढतो. म्हणून "फळ पिकलं की आपोआप गळतं" म्हणत ४२ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांना टाळणाऱ्या आजीबाईंचंही मला पटत नाही. फळाला वार नसते. बाळाला असते, आणि ती म्हातारी होते.

माझ्या पहिल्या वेळेला कारण हेच होतं, दिवस वर गेले होते. कारण योग्य होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच सांगितलं गेलं की "शाम को भर्ती हो जाओ." संध्याकाळी जेल लावलं. कसलं, कुठे, कशासाठी, काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "टांगें ढीली छोड़ो," आणि झालं. रात्रभर काही घडलं नाही. मी छताकडे बघत पडले आणि मला वाटत राहिलं की माझ्या शरीरातच काहीतरी खोट आहे. सकाळी परत जेल. दुपारी सलाईन. येता-जाता सिस्टर ते सलाईनचं चाक फिरवून जायच्या आणि थोड्या वेळाने माझा जीव जायचा. ह्या दोन गोष्टींचा संबंध मी स्वतःच लावला, कुणी सांगितलं नाही.

ज्यांच्या कळा आपोआप आल्या त्यांना हे समजावणं कठीण आहे. आपोआप येणारी कळ बहुतेक वेळा आधी कंबरेत कुरकुरते, मग जरा दम देते, मग वाढते. बाईला सूर सापडायला वेळ मिळतो. सलाईनवर माझं तसं झालं नाही. दर काही वेळाने डोस वाढवत नेतात, दहा मिनिटांत तीन-चार कळा येऊ लागेपर्यंत. माझ्यासाठी मधल्या पायऱ्याच नव्हत्या. शिवाय बाळाचे ठोके बघायला पोटाला पट्टे बांधलेले, म्हणून उठायचं नाही, कुशीवर वळायचंही विचारून. पट्टे हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण खुर्चीत बसून पट्टे लावता येतात हे मला दुसऱ्या बाळंतपणात कळलं. आयाबाई म्हणाल्या, "चिल्लाओ मत, ताकत बचाओ." सासूबाई दाराबाहेर, आई दाराबाहेर, नवरा तर पार खाली औषधाच्या दुकानात. मध्यरात्र उलटल्यावर मुलगी झाली.

दुसऱ्या वेळी बीपी वाढलं, तेव्हा दवाखाना वेगळा, मॅडम वेगळ्या. त्यांनी ओपीडीत कागद घेतला, त्यावर गर्भाशयाचं चित्र काढलं, त्याचं तोंड दाखवलं. म्हणाल्या, हे अजून घट्ट आहे, मागे आहे. आधी ते मऊ करायचं, मग उघडायचं, मग कळा. पहिल्या टप्प्यालाच रात्र जाऊ शकते, घाबरायचं नाही. ह्या तोंडाच्या स्थितीला गुण देण्याची एक पद्धत आहे. १९६४ साली बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बसवली: तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ की कडक, पुढे की मागे, बाळाचं डोकं किती खाली. गुण कमी असतील तर थेट सलाईन लावण्यात अर्थ नसतो, आधी तोंड पिकवायला लागतं. त्यासाठी जेल असतं, गोळी असते, नाहीतर फुगा. लघवीसाठी लावतात तीच नळी आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात, तो तोंडावर दाब देतो. मला फुगा लावला. सलाईन पुढे तेच, दुखणंही तेवढंच, ओरडले मी तेवढीच. पण चाक फिरवण्याआधी सिस्टर सांगायच्या, "अब थोड़ा बढ़ा रही हूँ." एवढ्या एका वाक्याने मी त्या खोलीत माणूस म्हणून उरले.

त्या सलाईनमधल्या औषधाचं नाव ऑक्सिटोसिन. आपल्याच मेंदूतून स्रवणारं संप्रेरक. १९५३ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि ते करणाऱ्या विन्सेंट द्यु विन्यो यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या सासूबाईंची ओळख मात्र वेगळीच. "हे तर म्हशीला टोचतात ते." खरंय, दूध उतरवायला गोठ्यांत त्याचा सर्रास गैरवापर झाला. इतका, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायलाच मनाई केली. हेच इंजेक्शन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून बायकांचे जीव वाचवतं, त्यामुळे तुटवडा पडेल म्हणून डॉक्टर हादरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

त्या औषधाची भीती बाळगायचीच असेल तर योग्य जागी बाळगा. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई निमाडकडच्या. त्या सहज बोलून गेल्या, "हमारे उधर तो दाई घर पे ही सुई लगवा देती है, दरद बढ़ाने की." माझ्या अंगावर काटा आला. सलाईन बंद करता येतं, काही मिनिटांत जोर ओसरू लागतो. दंडात किंवा कुल्ल्यात टोचलेली सुई परत काढून घेता येत नाही. कळेला कळ लागून मधे उसंतच उरली नाही की बाळ गुदमरू शकतं, गर्भाशय फाटू शकतं. म्हणूनच हे काम ठोके मोजणारं यंत्र आणि सिझरची सोय असेल तिथेच व्हायला हवं. आधीचं सिझर असेल तर ते ओरडून सांगा, कारण गर्भपिशवीवर जुना व्रण असताना तोंड पिकवायची ती मिसोप्रोस्टॉलची गोळी देत नाहीत.

आता माझ्या जाऊबाईंची गोष्ट, तिच्याच परवानगीने. सकाळी सलाईन, संध्याकाळी सिझर. घरात आजतागायत काय म्हणतात? "तिला कळाच आल्या नाहीत." जणू तिने आळस केला. मुलगी पाचवीत गेली, तरी कुणाचं बाळंतपण निघालं की हे वाक्य निघतंच, आणि ती बिचारी ताटं उचलायला आत जाते. कुणी असं म्हणत नाही की तिला वेळच दिला नाही. बाळाचे ठोके बिघडले तर क्षणभरही थांबू नये, ते वेगळं. तिच्या बाबतीत ठोके नीट होते. "अब और कितना रुकेंगे" एवढंच कारण तिला सांगितलं गेलं, आणि तेही तिच्या सासऱ्यांमार्फत.

वेळ किती लागतो ह्याचा अंदाज घरच्यांना नसतोच. नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत बीपीवाल्या सहाशेवर गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, निम्म्यांना फुगा. चोवीस तासांत खालून बाळंत झालेल्या किती? गोळीवाल्या शंभरातल्या ५७, फुगावाल्या ४७. म्हणजे उरलेल्या बऱ्याच जणी एक तर चोवीस तासांनंतरही वाट बघत होत्या, नाहीतर त्यांचं सिझर झालं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांचा सल्ला असा, की आई आणि बाळ नीट असतील तर पाण्याची पिशवी फोडून सलाईन सुरू केल्यावर निदान १२ ते १८ तास थांबल्याशिवाय "जमलं नाही" म्हणू नये. आपल्याकडे सकाळच्या चहाला सलाईन आणि संध्याकाळच्या चहापर्यंत पेढे, असा हिशेब.

"डॉक्टर पैशासाठी कळा आणतात आणि मग सिझर करतात" हे वाक्य आता खाली प्रतिक्रियांत येईलच, म्हणून आधीच लिहिते. संशय हवेतून आलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने, खासगीत ४७.४ टक्के. एवढी तफावत बायकांच्या शरीरांमुळे पडत नसते. पण सगळा दोष कळा आणण्याच्या माथी मारू नका. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींवर झालेला २०१८ चा अभ्यास उलटंच सांगतो. कसलाच धोका नसताना ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट बघणाऱ्यांत २२.२. तिथली देखरेख आपल्या सगळ्या नर्सिंग होममध्ये मिळत नाही, म्हणून तो अभ्यास दाखवून सरसकट ३९ व्या आठवड्यात ॲडमिट करणंही मला मान्य नाही. पण एवढं कळतं की घाईचा आणि औषधाचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. सिझर तासाभरात आटपतं. कळा आणून रात्रभर बाईपाशी थांबणारी डॉक्टर पैशासाठी थांबत नसते.

परवा माझ्या भाचीने रात्री फोन केला. "मावशी, सोमवारी इंड्यूस करणार म्हणतात, म्हणजे काय करतात?" चांगली शिकलेली, बाबागाडीच्या कंपन्यांची तुलना तोंडपाठ. मी म्हटलं, आधी मॅडमना कारण विचार, आणि "तारीख झाली" हे कारण धरू नकोस, आठवडे विचार. तोंड कसं आहे ते विचार. आधी काय देणार, किती वेळ बघणार, नाही जमलं तर पुढे काय. कळा थांबवायचं नाही पण दुखणं कमी करायचं इंजेक्शन पाठीत देतात, त्याचा भूलतज्ज्ञ रात्री मिळतो का, हे आजच विचार. तेव्हा सुचत नाही. आणि सोबत कोण थांबणार? सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी एका बाईला सोबत राहू द्यायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिलीय. मग खासगीत हजारो रुपये भरून आईला जिन्यात का बसवायचं? भाची म्हणाली, "मॅडमना राग नाही येणार?" आला तर येऊ दे. चिडणारी डॉक्टर सोमवारी कळण्यापेक्षा आज कळलेली बरी.

नवऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच काम. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला खबर देऊ नका. "अभी तक नहीं हुआ?" हा प्रश्न बाहेरून आत पोचतो, आणि आतल्या बाईला तो कळेपेक्षा जास्त बोचतो.

आणि घरी निघताना कागद नीट मागून घ्या. माझ्या पहिल्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती, 'एफटीएनडी', म्हणजे दिवस भरून नॉर्मल. जेल कितीदा लावलं, सलाईन कधी सुरू झालं, तोंड उघडायला किती वेळ लागला, काहीच नाही. दुसऱ्या वेळी मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि मी तोंडी आठवून जेवढं सांगितलं तेवढ्यावरच त्यांना ठरवावं लागलं. काय दिलं, का दिलं, किती वाजता दिलं, हे त्या कार्डावर लिहून घ्या. बिल तयार होईपर्यंत तासभर बसवतातच, तेवढ्यात लिहून होतं.